पुढे सरकवलेली सीट

माझ्या नवऱ्याच्या गाडीला मी लग्न झाल्यापासून सवत म्हणत आलेय. लाल, बुटकी, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार, वर घडीचं कापडी छत. ती या घरात माझ्या आधी आली आणि माझ्यापेक्षा जास्त लाड करून घेत राहिली. मी आजारी पडले तर हे गोळी आणून हातावर ठेवतात. ती नुसती खोकली तरी हे तिच्याखाली जाऊन आडवे होतात. पण काही झालं तरी सवत लोखंडाची, त्यामुळे माझं तिच्याशी वाकडं नव्हतं. वाकडं सुरू झालं ते तिची सीट पुढे सरकलेली दिसली त्या दिवशी.

आधी एक सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमचे हे म्हणजे विजेचा खांब. त्या गाडीत बसायचं तर सीट पार मागच्या टोकाला नेतात, तरी गुडघे स्टिअरिंगला घासतात. आणि मी ह्यांच्या खांद्यालाही लागत नाही. आमच्या माहेरच्या सगळ्या बायका बुटक्या, त्याला इलाज नाही. लग्नानंतर एकदाच मी म्हटलं होतं, मला चालवू द्या की. तर हे हसले आणि म्हणाले, "तुझे पाय पोचायचे नाहीत." विषय संपला. मी माझी व्हॅन चालवते, पडद्यांचे गठ्ठे घेऊन गावभर फिरते, पण त्या गाडीच्या स्टिअरिंगला मी कधी बोट लावलं नाही. कुणीच लावलेलं नाही. हे तिला धुवायलासुद्धा दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

मग सीट कुणासाठी सरकली?

मी गॅरेजमध्ये शिडी आणायला गेले होते. गाडीचं दार उघडं होतं आणि सीट अगदी स्टिअरिंगच्या पोटाशी आलेली. नुसती सरकवलेली नाही हं. खालच्या रुळाला नवी भोकं पाडून, नवे बोल्ट मारून कायमची पुढे घेतलेली. वाकून बघितलं तर तिन्ही पेडलांवर जाड ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवलेले, वर खरबरीत रबर. म्हणजे जिचे पाय पोचत नाहीत तिचे पोचावेत म्हणून. बाईच ती. एवढा बुटका बाप्या ह्यांच्या ओळखीत नाही.

तेवढ्यात हे आले. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"जुनी गाडी आहे. काही ना काही करावं लागतं," हे म्हणाले. आणि हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या कानाकडे बघत होते.

तुम्ही म्हणाल, बाई सुतावरून स्वर्गाला गेली. गेले नाही. सूत बरंच जमलेलं होतं, मी फक्त गुंडाळत बसले होते.

आधी नोकरी. हे छापखान्यात रंग तपासायचे. छापून आलेला कागद डोळ्यांसमोर धरून, लाल जास्त झालाय की पिवळा कमी पडलाय ते सांगायचे. अख्खा छापखाना ह्यांच्या शब्दावर चालायचा. एके दिवशी घरी आले आणि म्हणाले, "सोडली. कंटाळा आला." कंटाळा? या माणसाला तीच भाजी आठवडाभर वाढली तरी कंटाळा येत नाही.

मग दिवे. गाडीचे पुढचे दिवे मंद आहेत म्हणून ह्यांनी बल्ब बदलले. मग जाड वायरी टाकल्या, रिले बसवले, काचा घासून लख्ख केल्या. समोरच्या भिंतीवर उजेड असा पडला की भिंतीवरची मुंगी दिसावी. तरी ह्यांचं तेच, "मंदच आहेत." कुणाला रात्रीचं फिरवायचंय एवढं, असं माझ्या मनात आलं. 

मग तो आवाज. एकदा दुपारी गॅरेजच्या दारापाशी गेले तर आत बाईचा आवाज. गोड, शुद्ध, प्रत्येक शब्द वेगळा काढून बोलणारी. आणि आमचे हे म्हणतायत, "परत सांग. हळू सांग." अहो, लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर मला म्हणाले होते, लवकर आटप. आणि हिला म्हणे हळू सांग! मी दार ढकललं, आवाज बंद. हे एकटे उभे, मोबाइल हातात, आणि तो झटकन खिशात.

"कोण होतं?"

"कोणी नाही."

सगळ्या बायकांना माहीत असतं की कोणी नाही म्हणजे कोणीतरी आहे.

आणि सगळ्यात वर म्हणजे ती नजर. इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी भांडला तरी सरळ डोळ्यांत बघून भांडला. आता मीठ मागायचं तरी माझ्या कानाशी बोलायचे, खांद्याशी बोलायचे, कधी माझ्या मागच्या फडताळाशी. मी मुद्दाम ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले की हे मान जराशी फिरवायचे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! वर्तमानपत्र वाचणं बंद, पुस्तक बंद. जेवताना ताटात बघायचं आणि उठून गॅरेजला जायचं.

मी मनाशी पक्कं केलं. खरं निघालं तर या घरात राहायचं नाही. शिलाई मशीन व्हॅनमध्ये टाकायचं, कापडाचे तागे घ्यायचे आणि निघायचं. रडारड नाही, चार लोकांना बोलावून समजूत नाही. पण निघायचं तर खात्री करून. उगाच हवेत घर मोडणारी बाई नाही मी.

अशात एका सकाळी हे माझ्या मशीनपाशी आले. हातात जाड फोमचा तुकडा.

"याला कव्हर शिवून दे. गाडीच्या सीटवर टाकायचंय."

"तुम्हाला उशी कशाला? आधीच डोकं छताला लागतं."

"पाठ दुखते."

"पाठीसाठी उशी बुडाखाली घेतात का?"

हे माझ्या कानाकडे बघत राहिले. "शिव ना. तुझ्याइतकं नीट कुणाला जमणार?"

म्हणजे बघा निर्लज्जपणा! तिला स्टिअरिंगवरून रस्ता दिसावा म्हणून उशी पाहिजे, आणि ती शिवायची मी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शिवली. का शिवली माहितेय? उशी बसवायच्या निमित्ताने मला गाडीत शिरायला मिळणार होतं, टेप घेऊन.

मी शिवणारी बाई. तुम्ही माणसाचा चेहरा लक्षात ठेवता, मी माप ठेवते. खुर्ची बघून बसणाऱ्याची उंची सांगेन, आणि जोडा बघून सलवारीची लांबी. हे किराणा आणायला बाहेर पडले तशी मी गॅरेजमध्ये गेले. पान्यांच्या दांड्यांवर कानशीने पाडलेल्या खाचा दिसल्या, कसल्यातरी खुणा असतील म्हटलं. सीटच्या पाठीपासून पेडलापर्यंत टेप लावली. सीटच्या कडेपासून खालच्या फरशीपर्यंत लावली. पाठीपासून स्टिअरिंगपर्यंत हाताची लांबी घेतली. स्टिअरिंगही नवं होतं, आधीच्यापेक्षा मोठं. म्हणजे ज्याच्या हातात जोर कमी त्यालाही वळवता यावं. क्लच दाबून बघितला हाताने. पूर्वी तो दाबताना ह्यांच्या मांडीचा गोळा फुगायचा, आता लोण्यात बोट घातल्यासारखा खाली गेला.

मी आकडे जुळवले, टेप परत लावून पुन्हा जुळवले. ते माप मला तोंडपाठ होतं. ते धाकटीचं माप होतं.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. गावाच्या पलीकडच्या टोकाला एकटी राहते, एका दवाखान्यात काउंटरवर बसते. नवऱ्याशी पटेना म्हणून त्याला सोडून आली, तेव्हा येताना त्याचीच गाडी चालवत आली आणि दुसऱ्या दिवशी किल्ली कुरिअरने परत पाठवली. गाड्यांचं वेड पहिल्यापासून. तिचं माप मला पाठ असण्याचं कारण असं, की शिवणाऱ्या बाईला स्वतःचं माप घेता येत नाही. हात उचलला की टेप हलते, वाकलं की कंबर बदलते. म्हणून माझे कपडे मी नेहमी धाकटीच्या अंगावर बेतते. तिला स्टुलावर उभं करायचं, टाचण्या लावायच्या, मग कापायचं. ती कुरकुरते, "ताई, मी काय पुतळा आहे का तुझ्या दुकानातला?" पण उभी राहते. ते आकडे माझ्या डोक्यात तिच्याच नावाने बसलेत. दुसऱ्या कुणाचे असू शकतात हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी धाकटीचा फोन आला, नेहमीसारखा. "ताई, उद्या कुठे जायचंय का तुला पडदे लावायला?"

"का गं?"

"सहजच."

सहजच! आता आठवलं, ती गेले कितीतरी दिवस हेच विचारत होती. उद्या आहेस का, परवा आहेस का, किती वाजता येशील. मला वाटायचं, बहिणीची माया.

खात्रीला काही कमी होतं ते समोरच्या शिकवणीवाल्या बाईंनी पुरं केलं. मी कचरा टाकायला गेले तर गॅलरीतून म्हणाल्या, "तुमची बहीण गाडी काय झकास वळवते हो! आणि साहेब शेजारी कसे ऐटीत बसतात!" मी म्हटलं, "हो ना," आणि कचऱ्याबरोबर डबापण टाकून आले.

माझ्या नवऱ्याने, ज्याने मला कधी त्या गाडीचा हॉर्न वाजवू दिला नाही, त्याने स्टिअरिंग धाकटीच्या हातात दिलं आणि स्वतः शेजारी बसला. मला त्याचं जास्त लागलं की बहिणीचं, ते अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना सांगितलं की हॉटेलचे पडदे आहेत, दिवस जाईल. गठ्ठे भरले, व्हॅन घेऊन निघाले आणि कोपऱ्यावरच्या बेकरीमागे थांबले. बराच वेळ बसले. डोकं म्हणत होतं जा, पाय म्हणत होते नको. शेवटी चालत परत आले.

गॅरेजचं दार अर्धं वर होतं. धाकटी गाडीत बसलेली, स्टिअरिंगवर दोन्ही हात, माझ्या उशीवर. आणि आमचे हे दाराशी उकिडवे बसून, तिचा पाय हातात धरून.

"असा?" धाकटी विचारत होती.

"टाच खाली राहू दे. आता दाब. हळू."

मी काय बोलले ते सगळं सांगत नाही. ह्यांना जे बोलले ते नवराबायकोतलं आहे, निभावतं. धाकटीला मात्र मी म्हटलं, "स्वतःचा संसार टिकवता आला नाही, म्हणून माझ्यात शिरलीस?"

ती पांढरी पडली. धाकटी उलट बोलणारी आहे, लहानपणापासून एकाला दोन देते. त्या दिवशी तिने काही दिलं नाही. ती गाडीतून उतरली, किल्ली उशीवर ठेवली, चपला पायात घातल्या. ह्यांना म्हणाली, "भाऊजी, आता तरी सांगा तिला. मला घातलेली शपथ संपली." आणि माझ्या शेजारून निघून गेली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला, एका उंचीवर असल्यामुळे.

"आता कसली शपथ?" मी ओरडले. "आणि नाटक पुरे. मी मशीन भरायला चाललेय."

हे अजून उकिडवेच. उठता उठता हात चाचपत दाराची कड शोधत होते. म्हणाले, "एकदा त्या सीटवर बस."

"मी? तिच्या सीटवर?"

"बस तर."

"बघा माझ्याकडे!" मी म्हटलं. "एवढं करून तोंड वर करून बघायचीसुद्धा हिंमत नाही तुमच्यात? बघा माझ्या तोंडाकडे!"

"बघतोय," हे म्हणाले. "दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"तुझं तोंड. सरळ बघितलं की तिथे डाग येतो. करडा. जिथे बघावं तिथेच. बाजूला बघितलं तर कडेने थोडं कळतं. म्हणून तुझ्या कानाकडे बघतो. तेवढ्याने निदान कळतं की तू आहेस."

मी सरकून ह्यांच्या नजरेच्या कडेला जाऊन उभी राहिले. 

मग हेच सांगत राहिले, एक एक करून, गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत. आधी वाटलं दिवे मंद झालेत. मग छापखान्यात लाल आणि केशरी सारखेच दिसायला लागले, आणि एकदा अख्खा छापलेला गठ्ठा ह्यांच्यामुळे रद्दीत गेला, तेव्हा स्वतःहून सोडलं. मग दवाखान्यात गेले. दवाखाना डोळ्यांचा. काउंटरवर धाकटी. डॉक्टर म्हणाले, पूर्ण अंधार नाही होणार, पण मधलं गेलं ते परत येणार नाही, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. धाकटी तिथेच रडायला लागली, आणि ह्यांनी तिथेच तिला शपथ घातली.

"आणि ती बाई? गोड बोलणारी?"

"कुठली बाई?" मग ह्यांच्या ध्यानात आलं. खिशातून मोबाइल काढला, अंगठ्याने चाचपून कुठेतरी दाबलं. तीच बाई बोलायला लागली, क्लचची वायर कशी बदलायची ते, शब्द वेगळे काढून. मोबाइल ह्यांना वाचून दाखवत होता. आणि पान्यांच्या दांड्यांवर मी बघितलेल्या कानशीच्या खाचा, ज्या मला वाटलं कसल्यातरी खुणा आहेत, त्या बोटाने माप ओळखायला होत्या. हे सगळं काम हाताने चाचपून केलेलं. बोल्ट, वायरी, ठोकळे, सगळं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगून काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, विकून टाका. आणि बरोबरच म्हणाली असतीस. चालवणारा नाही तर ठेवायची कशाला?" ह्यांनी बॉनेटवर हलकी थाप मारली. "नुसती वाईट बातमी द्यायचा जीव होईना गं. म्हटलं, आधी गाडी तुझ्या पायाला बसवू, मग सांगू. म्हणजे सांगताना हातात देण्यासारखं काहीतरी असेल."

"माझ्या पायाला?"

"मग कुणाच्या? तुझं माप तुला न कळता घ्यायचं कसं? तू तुझे कपडे बेततेस तसं घेतलं. धाकटीला बसवलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा माझ्या डोक्यातच आपटला. मी त्या सीटवर बसले. पाठ बरोबर टेकली. पाय बरोबर पोचले, टाच खाली राहून. उशीमुळे स्टिअरिंगवरून गॅरेजचं दार, दारापलीकडचा रस्ता, सगळं दिसत होतं. कुणी मला जन्मात इतकं मापात शिवून दिलं नव्हतं. आणि मला इतका राग आला, इतका राग, की हॉर्नवर मूठ मारली.

"मला विचारायचंत!" मी म्हटलं. "चालवेन की नाही हे तरी विचारायचंत! तुमचं दिसणं जातंय आणि ते सगळ्या जगाला माहीत, मोबाइलला माहीत, फक्त मला नाही! मी काय परकी आहे? मी इथे मशीन भरायला निघाले होते, कळतंय का?"

"संशय येईल असं वाटलं नव्हतं. माझ्यासारख्याचा कोण संशय घेणार?"

"मी! मी घेणार! दुसरं कोण आहे इथे?"

हे हसले. तेही बाजूला बघून. मग हसू गेलं आणि म्हणाले, "धाकटीला फार लागलं असेल."

ते मला माहीतच होतं. बोलताना कळत नव्हतं असं नाही. जिथे सगळ्यात जास्त लागेल तिथेच बघून मारलं होतं, सख्ख्या बहिणीला सख्ख्या बहिणीची ती जागा पाठ असते. संशय घेतला त्याचं मला आजही काही वाटत नाही. जे दिसत होतं त्यावरून कुणीही घेतला असता, आणि लपवणाऱ्यांनी लपवायला नको होतं. पण तो संसाराचा शब्द कुठल्या पुराव्यात बसत नव्हता.

"बसा," मी म्हटलं. "चला, तिच्या घरी."

"मी नाही. दोनच सीटा आहेत. येताना ती कुठे बसणार?" ह्यांनी गॅरेजचं दार वर सारलं. "एकटी जा. क्लच वरून पकडतो, पाय अर्धा उचल. आणि रस्त्याला लागल्यावर लगेच दुसरा टाक, पहिल्यात ती फार ओरडते."

मी सवतीला रस्त्यावर काढलं. ओरडली, थांबली, बंद पडली, परत चालू झाली. शिकवणीवाल्या बाई गॅलरीत आल्या. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती गाडी इतकी खाली आहे की फरफटत चाललोय असं वाटतं, आणि तरी जरा पाय दाबला की उडी मारते. ह्यांना या वयातसुद्धा तिच्यात काय दिसायचं ते मला पहिल्या वळणावर कळलं, आणि कळल्याबरोबर ते आता ह्यांना कधीच मिळणार नाही हेही कळलं. मी मोठ्याने शिवी दिली. कुणाला ते माहीत नाही.

धाकटी तिच्या घराच्या अर्ध्या वाटेवर चालत होती. मी गाडी तिच्या कडेला हळू घेतली.

"बस."

ती चालत राहिली.

"बस ना गं. सांगितलं त्यांनी. सगळं."

"मग झालं तर."

"धाकटे, चुकलं माझं. ते शेवटचं. जीभ झडायला पाहिजे होती माझी."

तिने मान वळवली नाही. मी तिच्या पावलाबरोबर गाडी चालवायला गेले आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागून टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला. मी किल्ली फिरवली, परत बंद. तो टेम्पोवाला मान बाहेर काढून काय काय बोलायला लागला. मी रडकुंडीला आले.

धाकटी थांबली. दोन पावलं मागे आली, खिडकीत वाकली. डोळे लाल. "न्यूट्रलमध्ये घे आधी. गिअरमध्ये ठेवून काय चालू करतेस? व्हॅन आहे का ही?" मग टेम्पोवाल्याकडे वळून म्हणाली, "दिसत नाही का, शिकतेय ती?" आणि दार उघडून शेजारच्या सीटवर बसली.

तिच्या घरापर्यंत ती रस्त्याकडेच बघत बसली. गिअर चुकला की नुसती बोटाने दाखवायची. दारात गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "जे बोललीस ते मी विसरणार नाही, ताई."

"नको विसरूस."

"मला वाटलं होतं, सगळं जग म्हणालं तरी तू नाही म्हणणार."

 मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. ती उतरली, दार लावलं, मग परत वाकली. "हँडब्रेक नीट लागत नाही अजून. उतारावर उभी करू नकोस. रविवारी येईन, भाऊजींना वायर ताणायला कुणीतरी धरायला लागतं. त्यांच्यासाठी येईन, तुझ्यासाठी नाही."

"बरं," मी म्हटलं.

परत येताना गाडी एकदाही बंद पडली नाही, त्याचा काही उपयोग नव्हता. हे फाटकाशी उभे होते. आवाजावरून आधीच फाटक उघडून ठेवलेलं. मी गाडी आत घेतली, बंद केली, उतरले आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय म्हणाली?"

"रविवारी येते म्हणाली. तुमच्यासाठी."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू कशी आहेस?" हे म्हणाले. "नुसती उभी राहू नकोस गं. पूर्वी तोंड बघितलं की कळायचं मला, चिडलीयस की रडतेयस. आता तू बोलल्याशिवाय नाही कळत."

इतकी वर्षं मी या माणसाला काही सांगितलं नव्हतं. भुवया वर केल्या की काम व्हायचं.

"रडतेय," मी म्हटलं. "चिडलेलीपण आहे. आणि भीती वाटतेय मला, फार."

"मलापण," हे म्हणाले, आणि चाचपत माझा हात धरला.